बारवेच्या पायऱ्या

मु. निंबवाडी, पो. तीर्थपुरी,
ता. अंबड, जि. औरंगाबाद.
ता. १९ मार्च १९७८

चि. बेबीनंदास आबाचा आशीर्वाद आणि घरातल्या सगळ्यांचा जयभीम. आम्ही इकडे बरे आहोत. तू बरी असशीलच, पण तरी तसं लिहून पाठवत जा. मागच्या दोन पत्रांत तू तब्येतीचं काही लिहिलं नव्हतंस, म्हणून मी उगीच घोर करत बसलो.

तुझं पत्र परवा आलं. दिल्लीचं पत्र जाड असलं की मला बरं वाटतं, पातळ असलं की भीती वाटते. हे पातळ होतं. मी ओट्यावर बसून मोठ्याने वाचायला घेतलं, कारण तुझी आजी शेजारी ज्वारी निवडत होती आणि तिला लगेच ऐकायचं होतं. तिसऱ्या ओळीला मी वाचलं, "माझी शिष्यवृत्ती मजूर झाली." मी म्हणालो, पोरीचं शिक्षण सुटलं, ती दिल्लीला मजुरीला लागली. तुझ्या आजीने सूप खाली ठेवलं. तिला एक अक्षर येत नाही हे तुला माहीत आहे, पण ती वाकून कागदाकडे बघून म्हणाली, "नीट वाचा. त्याच्या डोक्यावर टिकली हाय का बघा." टिकली होती. मजूर नव्हे, मंजूर. मी दोन इयत्ता शिकलो आणि ती एकही नाही, पण त्या दिवशी पत्र तिनेच वाचलं असं म्हणावं लागेल.

मग मी ते चारदा वाचलं. सगळ्या देशातून जमिनीची आखणी शिकणाऱ्या फक्त पाच मुलांना ही शिष्यवृत्ती, त्यात तू एक, आणि वर पदक. दुसऱ्या वर्षाची फी, वसतिगृह, खानावळ, सगळ्याची काळजी मिटली. बाळा, शिष्यवृत्ती देणाऱ्या त्या ट्रस्टच्या लोकांना मी ओळखत नाही, पण ज्यांनी कोणी हे ठरवलं असेल त्यांचं भलं होवो. मी तसं रोज म्हणतो. सर्जेरावाला अंबडला निरोप पाठवला. तुझा बाप शाळेत पोरांना शिकवत होता, तो तसाच खडूच्या हाताने सायकलवर आला आणि माझ्या पायावर डोकं ठेवून परत गेला. तो दिसेनासा होईपर्यंत मी उभा होतो.

गावात मी लँडस्केप हा शब्द आता बराबर म्हणतो. आधी लोक मला चिडवायचे, की एवढी मुंबईला इमारतींचं शिकली आणि आता दिल्लीला माळीण व्हायला गेली. रायभान मेंढपाळाला तर वाटत होतं, ती दुर्बिणीसारखी काही वस्तू असते. तू मला समजावलं होतंस तसं मी त्यांना सांगतो: माणसं, जनावरं, झाडं आणि पाणी एका जागेवर भांडण न करता कशी नांदतील, हे आधी कागदावर मांडून बघायचं. आमच्या रस्त्याच्या गँगमध्ये मी तीस वर्षं निंब लावले, त्यांना घागरीने पाणी घातलं, पण हे असं काही शिकायचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुझ्यामुळे माझं कामसुद्धा मोठं झालं.

आता दुसरं. तू लिहिलंस की तुझा आराखडा आपल्या बारवेचा असल्यामुळे ट्रस्टचे परीक्षक साहेब वैशाखात, पाणी खाली गेल्यावर, स्वतः इथे येणार आणि कागदावरची मापं जागेवर ताडून बघणार. मापं जुळली तर शिष्यवृत्ती सुरू होणार, नाही तर नाही. साहेबांनी एवढ्या उन्हात कशाला यायचं? तीर्थपुरीपर्यंत बस येते, पण पुढचा रस्ता बैलगाडीचा. तू त्यांना तसं लिहून बघ. फोटो पाठवले तर चालणार नाहीत का? साहेबांचं वय काय आहे? वयस्कर माणसं बारवेत उतरत नाहीत, वरूनच बघतात. तसं असेल तर मला जल्दी कळव.

वरचं माप बिलकुल बराबर आहे. ओढ्यापासून बारवेच्या तोंडापर्यंत मी तीनदा चाललो, माझं पाऊल अडीच फुटाचं आहे हे गँगच्या साहेबाने साखळी लावून ठरवलेलं. निंब सात, चिंचा दोन, जनावरांची वाट, धुण्याचे दगड, सगळं मी स्वतः मोजलं. वरच्याची काळजी करू नकोस.

तुझ्या आजीने कारळाची चटणी करून ठेवली आहे, कोणी दिल्लीला जाणारं भेटलं की पाठवते. थंडी गेली असली तरी सकाळची शाल सोडू नकोस.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
तुझा आबा


निंबवाडी
ता. १६ एप्रिल १९७८

चि. बेबीनंदास आबाचा आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र मिळालं. साहेब साठीचे असले तरी रोज टेकडी चढतात आणि बारवेच्या तळापर्यंत उतरणार आहेत, हे वाचलं. ठीक आहे.

परवा जयंती झाली. यंदा तरुण पोरांनी नवा फोटो आणला, विहारापुढे मांडव घातला, लेझीम झालं. मिरवणूक पहिल्यांदाच गावाच्या मधल्या रस्त्याने गेली. तुझी आजी नवं लुगडं नेसून पुढे होती. मी मागे चालत होतो. मला पुढे चालायची सवय नाही.

मिरवणुकीनंतर सभा होती. कचरू मंडळाचा सेक्रेटरी झाला आहे, तो माईकवर बोलतो तेव्हा माईक नसला तरी चालेल असा बोलतो. त्याने तुझं नाव घेतलं. म्हणाला, आपल्या वस्तीची मुलगी देशात पाचांत आली. टाळ्या झाल्या. मला वाटलं, संपलं. पण त्याने मला वर बोलावलं, गळ्यात हार घातला आणि म्हणाला, ज्या बारवेकडे आपल्या बापजाद्यांना बघायची चोरी होती, त्या बारवेत या म्हाताऱ्याने उतरून एकेक पायरी मोजली, म्हणून नातीला बक्षीस मिळालं. हे त्याला सर्जेरावाने सांगितलं होतं, सर्जेरावाला तू, आणि तुला मी.

टाळ्या थांबेनात. मी हात जोडून उभा होतो. मांडवाच्या कडेला खांद्यावर घोंगडी टाकून रायभान उभा होता, आणि तोही टाळ्या वाजवत होता. बेबी, त्याच्या टाळ्या बघून मला तो हार काढून त्याच्या गळ्यात घालावासा वाटला. कारण बारव त्याने मोजली आहे, मी नाही.

हे मी मागच्या पत्रातच लिहायला हवं होतं. गेल्या वर्षीच लिहायला हवं होतं. आता लिहितो, तू शांतपणे वाच.

गेल्या वैशाखात तुझी मुंबईची शेवटची परीक्षा चालू होती आणि तू मला लिहिलंस, "आबा, मला यायला जमत नाही. तुमच्याशिवाय कोणाच्या मापावर माझा विश्वास नाही. तुम्ही स्वतः खाली उतरा, पायऱ्या मोजा, एक पायरी किती उंच ते वितीने बघा." मी वरचं सगळं आनंदाने केलं. मग बारवेच्या तोंडाशी गेलो आणि थांबलो. दुसऱ्या दिवशी गेलो आणि थांबलो. असे पाच दिवस झाले.

मला कोणी अडवलं नाही. आता कोण अडवणार? तुझी आजी तिथे धुणं घेऊन जाते, आपली पोरं तळाशी पोहतात. बाहत्तरच्या दुष्काळात सगळा गाव त्याच पायऱ्यांवर घागरी घेऊन बसलेला होता, तेव्हाही पाणी आणायला तुझी आजी उतरायची आणि मी वर घागरी धरून उभा राहायचो. लोकांना वाटायचं गुडघे दुखतात. मीही तसंच सांगायचो.

खरं कारण लहान आहे, म्हणून सांगायला लाज वाटते. मी सहा-सात वर्षांचा असेन. माझा बाप भिवा मला पाण्याला घेऊन गेला होता. आपली माणसं वर थांबायची, कोणीतरी खालून आणून वरून आपल्या घागरीत ओतायचं. पहिल्या पायरीवर एक सरडा होता, मी त्याच्यामागे पाऊल टाकलं. एकच पाऊल. कोणी बघितलंही नसेल. कोणी मारलं नाही, कोणी शिवी दिली नाही. फक्त बापाने माझं मनगट धरलं. काही न बोलता धरलं, आणि घरी येईपर्यंत सोडलं नाही. त्याचा हात थरथरत होता. माझा बाप रानात लांडग्याला न भिणारा माणूस, आणि त्याचा हात थरथरत होता. तिथे गेलं की माझं मनगट अजून आवळतं. मी साठी ओलांडली, कायदे झाले, धम्म घेतला, आणि पायाला हे कळत नाही.

सहाव्या दिवशी रायभान तिथे मेंढरं पाजायला आला. मी म्हणालो, माझे गुडघे धरलेत, पोरीला पायऱ्यांची गिनती पाहिजे, मोजशील का? त्याने का म्हणून विचारलं नाही. काठी माझ्या हातात दिली आणि उतरला. भर उन्हात तीनदा खालीवर केलं. प्रत्येक विसाला कमरेच्या धोतरात एक खडा खोचला. वर येऊन म्हणाला, तीन विसा आणि चार. म्हणजे चौसष्ट. पायरी वीतभर. मी ते तुला लिहिलं, आणि खाली लिहिलं, मी स्वतः मोजलं.

रायभानाला मोजायचं काम येतं. त्याची दीडशे मेंढरं आहेत, एकही हरवत नाही. म्हणून आकडा बराबरच असेल. पण खोटं आहे ते आकड्यात नाही, माझ्या सहीत आहे. तू तुझ्या कागदावर कोपऱ्यात मोजणी करणाराचं नाव घातलंस, आणि वर तू स्वतः सही केलीस की ही मापं माझ्या माहितीप्रमाणे खरी आहेत. माझ्या खोट्यावर तुझी सही आहे. साहेबांनी मला विचारलं, बाबा, तुम्हीच मोजलं ना, तर मी काय सांगू? हो म्हणालो तर खोटं, नाही म्हणालो तर तुझी शिष्यवृत्ती जाते. मला दोन्ही सुचत नाही.

तुझ्या आजीला मी काल सांगितलं. तिने परातीत पीठ घेतलं. मग म्हणाली, "मला ठाऊक हाय. इतकी वरसं तुमी वर घागरी धरून उभे. गुडघे दुखणारा माणूस रस्त्याची खडी फोडतो व्हय?" आणि भाकरी थापायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "पोरीला लिहा. तिच्यापासून लपवलं तर ती कागदावर काय मांडणार?"

म्हणून लिहिलं. तू रागावलीस तरी चालेल. तुझा राग मला कळेल, गप्प बसणं कळणार नाही. म्हणून काहीही असलं तरी लिही.

तुझा अपराधी,
आबा


ता. २१ मे १९७८

चि. बेबीनंदास आबाचा आशीर्वाद. तुझ्या आजीचे आणि सर्जेरावाचे जयभीम.

हे पत्र लांबणार आहे, तेव्हा निवांत वेळ असेल तेव्हा वाच. आधीच सांगतो म्हणजे तुझा जीव टांगणीला लागणार नाही: शिष्यवृत्ती राहिली. पदक गेलं. आता सगळं क्रमाने सांगतो.

तुझं उत्तर आलं ते कार्डावर होतं. मी उलटं-सुलटं करून बघितलं, चारच ओळी. "आबा, मी साहेबांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, मी येईन आणि बघेन, त्याआधी काही ठरवणार नाही. तुम्ही मोजा किंवा मोजू नका, तुम्हाला जमेल ते करा. मी रागावलेली नाही." हे शेवटचं वाक्य तू जरा जोराने लिहिलंस, शाई मागे उमटली आहे. थोडी रागावली असशील. तो तुझा हक्क आहे.

तुझ्या मोजू नका या शब्दांनीच मी उठलो. मोजा म्हणाली असतीस तर पुन्हा पाच दिवस गेले असते.

उन्हाच्या वेळी गेलो, कोणी नसतं म्हणून. घाबरलेला माणूस आकडा चुकतो, माझा तोंडी मोजण्यावर विश्वास नव्हता. म्हणून मी धोतराच्या सोग्यात चिंचोके घेतले. ठरवलं, पायरी उतरली की एक चिंचोका तिच्यावर ठेवायचा. मोजायचं नाही, फक्त ठेवायचं. पहिल्या पायरीवर पाय ठेवताना मनगट आवळलं. मी त्याच हाताने चिंचोका ठेवला. मग दुसरा. दहा-बारा पायऱ्या झाल्यावर हाताला चिंचोके काढायचं काम असल्याने त्याला दुसरं काही सुचेना. अर्ध्यात गुडघे खरोखरच दुखायला लागले आणि मला हसू आलं, की इतक्या वर्षांच्या खोट्याने आता खरं व्हायचं ठरवलं.

तळाशी गुडघाभर पाणी होतं. मी त्यात पाय घातले नाहीत, पिण्याचं पाणी आहे. थोडा वेळ बसलो. मग वर चढताना एकेक चिंचोका उचलला आणि ओट्यावर येऊन तुझ्या आजीपुढे ओतला. दोघांनी मोजले. अडुसष्ट.

तुला तर चौसष्ट लिहिलेत. पुन्हा गेलो, पुन्हा ठेवले, पुन्हा उचलले. अडुसष्ट. चार पायऱ्या म्हणजे चार विती, जवळजवळ तीन फूट. तुझ्या कागदावर बारव तीन फूट उथळ निघाली. मागचं पत्र लिहिताना मला वाटत होतं की खोटं फक्त सहीत आहे. आता आकड्यातही निघालं.

संध्याकाळी रायभानच्या वाड्यावर गेलो. तो मेंढरं आत घेत होता. मी विचारलं, गेल्या वर्षी किती मोजल्या होत्यास?

"तीन विसा अन् चार."

"मंग अडुसष्ट कशा भरल्या?"

"तुझे चिंचोके व्याले असतील," असं म्हणून तो हसला आणि मेंढरं मोजायला लागला. प्रत्येक मेंढरू दारातून गेलं की काठी टेकवायची आणि बोलायचं. मी ऐकत होतो. तो म्हणाला, "लाभ. एक. दोन. तीन. चार…" वीस झाले की एक खडा बाजूला. मग पुन्हा, "लाभ. एक. दोन…"

मी त्याची काठी धरली. म्हणालो, लाभ म्हणजेच एक ना? बाजारात धान्य मापताना पहिल्या मापाला लाभ म्हणतात, मग पुढचं दोन.

"ते बाजारात," रायभान म्हणाला. "आमच्यात लाभ म्हंजे लाभ. पहिलं मेंढरू देवाचं. त्याला आकडा न्हाई लावत."

"अरे पण पायरी कुठं देवाची असती?"

"मंग कोणाची असती? तू बांधली का?"

मी त्याची काठी सोडली आणि बोटांवर हिशेब केला. त्याच्या प्रत्येक विसात एकवीस पायऱ्या होत्या आणि शेवटच्या चारात पाच. तीन एकवीस त्रेसष्ट, आणि पाच, अडुसष्ट. बेबी, त्याची गिनती चुकीची नव्हती. ती मेंढरांची होती. मी स्वतः उतरलो असतो तर हे झालं नसतं, तेव्हा चूक त्याची नाही, हे तू साहेबांना पुन्हा भेटशील तेव्हा नीट सांग.

मी त्याला खरं सांगितलं, की माझे गुडघे दुखत नव्हते. तो मेंढराच्या पायातला काटा काढत होता. मान वर न करता म्हणाला, "माझा बाप वरून पाणी वतायचा, तुझा बाप घागर धरायचा. मी तिथंच खेळायचो. इचारून काय करायचं व्हतं?"

मी त्याच्याजवळ खाली बसलो आणि त्या मेंढराचं तोंड धरून ठेवलं. त्याचे आभार मानायचे होते, पण माणूस माणसाचे आभार कोणत्या शब्दात मानतो ते मला ठाऊक नाही. तू शिकलेली आहेस, तू त्याला एक पत्र लिही. तो वाचणार नाही, मी वाचून दाखवीन, टिंब सोडणार नाही.

मग साहेब आले, मंगळवारी. सर्जेराव त्यांना अंबडहून घेऊन आला. मूळचे बडोद्याचे आहेत, मराठी अडखळत पण गोड बोलतात. मी रात्रभर तोंडपाठ केलेलं सगळं तीर्थपुरीच्या बसथांब्यावरच बोलून टाकलं, त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हणालो, चौसष्ट मी मोजल्या नाहीत, अडुसष्ट मी मोजल्या, पोरीला शिक्षा करू नका, लाभाचं असं असं झालं. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "तुम्ही मला खाली नेऊ शकता?"

मी पुढे, ते मागे. मध्ये सर्जेराव टेप धरून. प्रत्येक पायरी मी मोठ्याने म्हणालो. एकपासून सुरू केलं, लाभापासून नाही. रायभान वरून बघत होता आणि मी एक म्हणालो तेव्हा त्याने नाक मुरडलं, ते मला पहिल्या पायरीवरूनच दिसलं. अडुसष्ट भरल्या. टेपही तेच म्हणाला. वरचं सगळं माप, ओढा, झाडं, जनावरांची वाट, साहेबांनी पडताळलं. कुठेही हातभराच्या वर फरक नाही. ते मला म्हणाले, "बाबा, तुमच्या पावलाला माझ्या कॉलेजात नोकरी देतो." मी खरं समजून नाही म्हणालो, घरचं बघायचं असतं.

मग ते तुझा मोठा कागद उलगडून चिंचेखाली बसले. त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो. आराखडा चांगला आहे, गावाच्या पाण्याला त्यात घर मिळालं आहे. पण खोली चुकली म्हणून तळाच्या भागाची आखणी चुकली. पदक चुकलेल्या कागदाला देता येत नाही, ते आता मद्रासच्या मुलाला जाईल. तू आधी स्वतःहून सांगितलंस म्हणून शिष्यवृत्ती कायम राहील, मात्र दोन महिन्यांत कागद नव्याने काढून द्यायचा. मी म्हणालो, पदक माझ्यामुळे गेलं. ते म्हणाले, "हो." त्यांनी नाही म्हटलं नाही, याबद्दल मी त्यांचे उपकार मानतो. उगीच समजूत काढली असती तर मला ती कुठे ठेवायची कळलं नसतं.

बाळा, पदकाचं मला वाईट वाटतं. रोज वाटतं. त्याची भरपाई माझ्याकडे नाही. पण तुझं शिक्षण पुढे चाललं, आणि ते खऱ्या मापावर चाललं, म्हणून मी सकाळी उठलो की आधी त्या साहेबांना, मग रायभानला, मग तुझ्या आजीला मनात हात जोडतो. तुझा नंबर सगळ्यात शेवटी येतो, कारण तिथे मला बराच वेळ लागतो.

आता मुख्य. तो कागद मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. तू मला कधी पाठवला नव्हतास, मोठा आहे म्हणून. साहेबांनी बोट ठेवून दाखवलं: हा ओढा, हे निंब, ही जनावरांची वाट. बारवेच्या तोंडाशी, पहिल्या पायरीच्या अलीकडे, तू एक दगडी बाक काढला आहेस आणि बारीक अक्षरात लिहिलंस, "आबांची जागा." मी विचारलं, हे काय? सर्जेराव म्हणाला, "बेबी लहानपणापासून बघत आली, तुम्ही तिथंच उभे राहता. तिला वाटलं, ती तुमची आवडीची जागा."

मी कागदावर पडलेला चिंचेचा पाला झटकला. साहेबांपुढे काय सांगणार? पण तुला सांगतो.

नवा कागद काढशील तेव्हा तो बाक तिथून काढ. खाली एकेचाळिसावी पायरी रुंद आहे, दोन माणसं भिंतीला टेकून बसतील एवढी. दुपारी तिथे पूर्ण सावली असते आणि भिंतीतून गारवा येतो. हे कोणत्याही मापात नव्हतं, कारण बसल्याशिवाय कळत नाही. म्हातारे तिथवर कसे उतरतील असं तुझे सर विचारतील. उजव्या भिंतीला धरायला दगडाची कड दाखव, उतरतील. तिथून वर बघितलं की आभाळ चौकोनी दिसतं आणि धुणं धुणाऱ्या बायांचं बोलणं घुमून येतं, कोण कोणाबद्दल बोलतं ते सगळं ऐकू येतं. तुझ्या आजीला हे सांगू नकोस.

कागदावर एक थेंब पडला आहे, तो डोळ्यातला नाही. वर कोणीतरी घागर घेऊन चाललं आहे. आता दुसरं कोणी उतरतंय, त्याला वाट द्यायला उठावं लागेल, म्हणून इथे थांबतो.

बारव, पायरी एकेचाळीस,
इथे बसलेला
तुझा आबा
कडूबा भिवा खरात